माउलीच्या लिंबातला खिळा

वारूळवाडीत रत्नाची गाडी दिसायच्या आधी रत्ना ऐकू येते. कोपर दारावर, मान खिडकीबाहेर, आणि रस्ता अडवून गप्पा मारणाऱ्यांना ठरलेली सूचना: "ओ पावणं, रस्ता माज्या सासऱ्याचा न्हाई, पन तुमच्याबी सासऱ्याचा न्हाई. सरका."

पांढरी पिकअप. मागच्या फाळक्यावर 'लेकीची कृपा'. इतरांच्या गाड्यांवर आईची कृपा असते, देवाची असते. रत्ना म्हणते, ही गाडी कुणाची तरी लेकच चालवते, तर खोटं कशाला लिहायचं. नवरा चांगदेव पारगावच्या साखर कारखान्यावर लागला, तेव्हा दारात नुसती उभी राहिलेली त्याची गाडी तिनं चालवायला घेतली. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. डिंगोऱ्याच्या शेतकऱ्यांकडून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या उचलायच्या आणि दुपारच्या लिलावाला नारायणगावच्या बाजारात उतरवायच्या. सात वर्षं झाली.

तिचे वडील एसटीत फिटर होते. ते गेल्यावर भावांनी जमीन वाटून घेतली आणि बहिणीला विचारलं, तुला काय पायजे. रत्ना म्हणाली, "अण्णांची पान्यांची पेटी." भाऊ हसले. ती पेटी आजही गाडीच्या सीटखाली असते. अण्णांचा हातोडा आहे त्यात, दांड्याला तीनदा तार गुंडाळलेला.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. रत्ना विसरत नाही. शेजारच्या घरानं तिची कोंबडी दगडानं मारली त्याला अकरा वर्षं झाली. त्या घरचा चहा तिनं तेव्हापासून घेतलेला नाही. मात्र रोज त्यांच्या दारावरून जाताना ती हॉर्न देते. एकदाच, लांब. त्यांच्या लक्षात राहावं म्हणून.

तर अशा बाईला ज्ञानेश्वर गॅरेजवाल्यानं भर बाकड्यासमोर तो शब्द ऐकवला.

ज्ञानेश्वर नाव, म्हणून सगळे त्याला माउली म्हणतात. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, पुढं मोठा लिंब, लिंबाखाली लांब बाकडं. बाकड्यावर चार-सहा ड्रायव्हर कायम. कुणाचं काम असतं, कुणाचं नसतं. माउलीची एक पद्धत होती. चाकाचं काम झालं की तो ब्रश घ्यायचा आणि चाकाच्या मधल्या टोपीवरून बाजूच्या लोखंडावर पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका ओढायचा. टोपी उघडली की ठिपका मधोमध तुटणार. "माझ्या कामाला दुसऱ्यानं हात लावला की मला कळतं," असं तो सांगायचा, आणि लोकांना ते फार मोठं वाटायचं.

संक्रांत होऊन गेली होती. डिंगोऱ्याहून येताना रत्नाच्या गाडीच्या डाव्या अंगानं आवाज सुरू झाला. काटा चाळीसच्या पुढं गेला की उंऽऽ, उंऽऽ. गाडी उजवीकडं वळवली की वाढायचा, डावीकडं वळवली की मंदावायचा. फिटरच्या लेकीला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. पुढच्या डाव्या चाकातलं बेरिंग गेलं होतं. पण पुढच्या दोन्ही चाकांचं बेरिंगचं काम आठ महिन्यांपूर्वी माउलीनंच केलं होतं. ज्याचं काम त्यानं बघावं, म्हणून ती गाडी घेऊन लिंबाखाली गेली.

"माउली, डावं चाक बघा. गाडी घुमती."

"काय करती?"

"घुमती."

माउलीनं हातातला पाना खाली ठेवला. बाकड्याकडं तोंड केलं. "आरं ऐका. गाडी घुमती म्हनं. आमी आजवर बाया घुमताना बघितल्या."

"चाळीसच्या पुढं गेली की सुरू व्हतं."

"अमावस्येला जास्त व्हतं का?"

बाकडं हसलं.

"मस्करी ऱ्हाऊ द्या. बेरिंग तुमीच टाकलंय. आठ म्हैने झालं."

"मी टाकलंय ना? मग त्याला काय होत न्हाई. ठिपका हाय वर माजा." माउली हात पुसत जवळ आला. "गाडी घुमत नसती, वहिनी. तुमीच घुमत आसाल. तुमच्यात ते हायेच की, पयल्यापासनं."

'तुमच्यात' हा शब्द आमच्याकडं दोन तऱ्हांनी म्हणतात. एक पंगतीत: तुमच्यात आमटीला गूळ घालतात का. दुसरा असा. त्यात घर येत नाही, अख्खी वस्ती येते. बाकडं या वेळी जरा थांबून हसलं, पण हसलं. माउलीला तेवढ्यानं भागेना. शेडच्या दाराला दर शनिवारी बांधतात तो लिंबू-मिरचीचा जुना दोरा त्यानं सोडला आणि रत्नाच्या बंपरला बांधला.

"घ्या. उतरलं."

रत्नानं गाडी सुरू केली. तिनं तो दोरा तोडलासुद्धा नाही. तसाच लोंबकळत घरी आणला.

बाकड्यावर सावळेराम बसला होता. सावळेरामचा टेंपो आहे, पण त्याचा खरा माल बातम्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्ना बाजारात शिरली तर कुणीतरी ओरडलं, "घुमरी आली, जागा द्या." तिसऱ्या दिवशी एका हमालानं जुड्या उतरवायच्या आधी गाडीला हात जोडले. आठवडाभरात डिंगोऱ्यापर्यंत गेलं. तिथला एक म्हातारा शेतकरी, सात वर्षं तिच्याच गाडीत माल घालणारा, हळू आवाजात म्हणाला, "ताई, गाडीत काय हाय म्हनत्यात. येक नारळ फोडून घे ना. तुला पटत नसंल, पन मालासाटी."

रत्नानं त्याचा माल नीट भरला, दोरी आवळली आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समजायचं, हॉर्न तयार होतोय.

रात्रीच्या जेवणाआधी चांगदेवचा फोन आला. कारखान्याचा सीझन, त्याला सुट्टी नव्हती.

"कशाला लागती त्याच्या नादी. मी आलो की बोलतो त्याच्याशी."

"तुमी काय बोलनार?"

"सांगतो, असं बोलू नये म्हनून."

"तुमी न्हाई बोलायचं. बोलायचं त्यानं हाय. त्याच लिंबाखाली, त्याच बाकड्यासमोर त्यानं म्हनायचं, गाडी घुमत व्हती. माझा शब्द, त्याच्या तोंडानं. तवर मला भाकर ग्वाड लागायची न्हाई."

"आन् न्हाई म्हनला तर?"

"म्हनंल."

"रत्ना, गाडीचं काम तरी करून घे कुठंतरी."

"करनार हाय. घरी."

गुरुवारी ती एसटीनं जुन्नरला गेली. अकबरभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान जुनं आहे. अकबरभाई आता आतल्या खुर्चीत रेडिओ ऐकत बसतात आणि काउंटर त्यांची सून रुबिना बघते. रत्नानं गाडीचं मॉडेल सांगितलं. रुबिनानं फळीवरून डबे काढले.

"आतलं मोठं बेरिंग, भायेरचं लहान, ग्रीस सील. दोन्ही बाजूंचं देऊ?"

"सध्या डाव्याच बाजूचं."

"बसवनार कोन?"

"मीच."

रुबिनानं एकदा तिच्या हातांकडं पाहिलं आणि ग्रीसचा डबा बदलला. "मग हे न्या. ते दुसरं गॅरेजवाले नेतात, हे आपन घरच्या गाडीला वापरतो. आन् ह्या कॉटर पिना. जोडीनं येतात."

"पिन हाय की आत. जुनी."

"जुनी परत घालायची न्हाई, ताई. ती येकदा वाकवली की संपली. नट फिरू नये म्हनून तीच काय ती राखन असती. पिन तुटली तर नट निघनार, नट निघाला तर चाक. तुमी भरल्या गाडीनं घाटरस्त्याला जाता."

आतून अकबरभाईंचा आवाज आला. "पाव फेरा सांगितला का तिला?"

"सांगतीय, अब्बा." रुबिना पुन्हा रत्नाकडं वळली. "चाक फिरवत फिरवत नट पुरा आवळायचा. बेरिंग जाग्यावर बसलं की पाव फेरा सोडायचा. मग नुसत्या बोटांनी लागंल तेवढाच लावायचा आन् पिन घालायची. घट्ट ठेवला तर बेरिंग जळतं."

"सोडायचाच?"

"सोडायचाच. लोकांना वाटतं, घट्ट म्हंजे चांगलं."

शुक्रवारी सकाळी रत्नानं अंगणात गाडी लावली. मागच्या चाकांना दगड. डाव्या चाकाचे नट आधी जमिनीवरच ढिले केले, मग जॅक लावला, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लाकडाचा ओंडका सरकवला. सासूबाई केशरबाई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. डोळे अधू, कान शाबूत.

"इंजीन खोलतीस का काय?"

"चाक, आत्याबाई."

"जेवायच्या आधी जोडशील ना?"

"जोडते."

चाक निघालं. ब्रेकचा कॅलिपर सोडून तिनं तारेनं वर टांगला, नळीवर त्याचा भार यायला नको म्हणून. मधोमध टोपी. टोपीवर माउलीचा पिवळा ठिपका, जसाच्या तसा. आठ महिन्यांत या टोपीला कुणाचा हात लागलेला नव्हता. रत्नानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कडेला लावलं, हातोडीचे दोन हलके ठोके दिले. ठिपका तुटला. टोपी हातात आली.

आत खाचांचा नट होता. नटाच्या खाचेतून, दांड्याच्या भोकातून आरपार जायला हवी ती कॉटर पिन. तिच्या जागी होता खिळा. छप्पर ठोकतात तसला, गंजलेला, एका बाजूनं हातोडीनं वाकवलेला.

रत्ना उकिडवी बसली होती ती खालीच बसली.

भरलेली गाडी. डिंगोऱ्यापासूनचा रस्ता. आठ महिने. रोज.

"काय झालं गं?" केशरबाईंनी विचारलं. हातोडी थांबली की त्यांना कळतं.

"आत खिळा घातलाय माउलीनं."

"खिळा? कशाला?"

रत्नानं पकडीनं खिळा सरळ करून ओढला आणि सासूच्या हातात दिला. केशरबाईंनी तो बोटांनी चाचपला. मग रत्नानं इतके दिवस घरात न सांगितलेलं सांगून टाकलं: लिंब, बाकडं, 'तुमच्यात', बंपरचा दोरा. त्या दोऱ्याबद्दल केशरबाईंनी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, कुणीतरी बांधला.

केशरबाईंनी सूप बाजूला सारलं.

"माझी आय घुमायची," त्या म्हणाल्या. "मी एवढीशी व्हते. देवऋषी यायचा. आयची बट बाभळीला धरायचा आन् बटेसकट खिळा ठोकायचा. भूत बांधलं म्हनायचा. आन् आय तितंच, खोडाला डोकं टेकून उभी. केस सोडवायचे कसे."

"आन् घुमायची का?"

"घरात काय चाललंय ते बोलायची तवा. येरवी बोलली तर कोन ऐकत व्हतं. मग धम्माची दीक्षा झाली, माज्या बापानं देव मीना नदीत सोडलं. देवऋषी परत दारात आला न्हाई. त्याच्यामागं आय कंदी घुमली न्हाई. सरळ बोलायची. लई बोलायची." केशरबाईंनी खिळा परत केला. "ह्यो त्यातलाच दिसतोय. गाडी बोलती म्हनल्यावर खिळा ठोकला त्यानं."

"ठोकला आधी, आत्याबाई. बोलली ती नंतर."

"त्येच ते."

रत्ना कामाला लागली. नट, वॉशर, बाहेरचं लहान बेरिंग. ते नवं होतं, आठ महिन्यांचंच. मग तिनं अख्खा हब, चाकाचा लोखंडी गाभा, दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतला, मागचं सील उचकटलं आणि आतलं मोठं बेरिंग काढलं. ग्रीस वाळून डांबर झालेलं. रॉकेलमध्ये धुतल्यावर खाली जे दिसलं ते आठ महिन्यांचं नव्हतं, आठ वर्षांचं असावं. रोलरवर खड्डेच खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. दोन्ही बदलली म्हणून सांगणाऱ्या माणसानं हाताला लागणारं एक बदललं होतं आणि खोल होतं ते तसंच ठेवलं होतं. ती बोटानं फिरवायला गेली तर ते खरखरलं.

"ऐका, आत्याबाई." तिनं ते ओट्याजवळ नेऊन सासूच्या कानापाशी फिरवलं.

"अगं बाई," केशरबाई म्हणाल्या. "घुमतंय की."

हबमध्ये बसलेल्या जुन्या रिंगा पंच लावून ठोकून काढायला अर्धा तास गेला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, नाहीतर रिंग तिरकी अडकते. नवी रिंग बसवताना अण्णा करायचे तसंच तिनं केलं: जुनीच रिंग वर ठेवायची आणि तिच्यावर ठोके घालायचे, म्हणजे नवीला ओरखडा येत नाही. ठण ठण असा आवाज येत होता तो एका ठोक्याला बदलला, ठप्प झाला. बसली. मग तळहातावर ग्रीसचा गोळा, आणि बेरिंगची कड त्यात दाबत राहायची, रोलरमधून वर ग्रीस येईपर्यंत. सील. हब परत दांड्यावर. लहान बेरिंग, वॉशर, नट.

नट आवळताना मात्र तिच्यासमोर नट नव्हता. तिनं पाना दोन्ही हातांनी धरला. 'तुमच्यात'. आणखी एक ओढ. 'पयल्यापासनं'. आणखी एक. 'अमावस्येला जास्त व्हतं का'. पानाच कुरकुरला. हब हातानं फिरवायला गेली, तर फिरेना.

"फिरंना व्हय?" ओट्यावरून आवाज आला.

"न्हाई."

"मग कुनाला आवळलंयस?"

रत्ना हसली. त्या आठवड्यातलं पहिलं हसू. नट सोडला, रुबिनानं सांगितलं तसा बसवला: चाक फिरवत आवळला, पाव फेरा मागं, मग नुसत्या बोटांनी. नवी कॉटर पिन घातली, तिचे दोन्ही पाय वाकवले. हब एका बोटानं ढकलला तर गुपचूप फिरत राहिला. नट सोडला होता. माउलीला सोडलं नव्हतं.

टोपी ठोकून बसवल्यावर ती गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या बाजूला गेली. तिकडच्या टोपीवरही पिवळा ठिपका होता, अखंड. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. पिशवीत एक पिन उरली होती.

"जेवायला ये," केशरबाई म्हणाल्या. "उजवं कदी करतीस?"

"ते मी न्हाई करायची. ते ज्याचं हाय तो करील."

शनिवारी सकाळी ती निघाली. घरापासून लिंबापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता, पण उजव्या चाकाच्या धास्तीनं काटा पंधराच्या वर तिनं जाऊ दिला नाही. मागून येणाऱ्यांनी हॉर्न दिले, शिव्या दिल्या. तिनं खिडकीतून हात काढून त्यांना पुढं जायला सांगितलं. इतकी सभ्य रत्ना त्या रस्त्यानं पूर्वी पाहिली नव्हती.

माउली शेडच्या दाराला नवं लिंबू-मिरची बांधत होता. बाकडं भरलेलं. सावळेराम कडेला, चहाचा ग्लास हातात.

"आल्या का वहिनी. उतरलं का वारं?"

"डाव्या अंगाचं उतरलं. म्या उतरवलं. चाक हातानं फिरवून बघितलं, शब्द न्हाई काढत. उजव्या अंगाचं ऱ्हायलंय, ते तुमी उतरवा."

"उजवीकडनं पन घुमाया लागली का?"

बाकडं हसलं. रत्नाही हसली. तिथंच माउलीला सावध व्हायला हवं होतं.

"अजून न्हाई. पन माउली, येक इचारते. ह्या उजव्या चाकाला तुमच्यामागं कुनी हात लावला आसंल का? मला बाईमानसाला काय कळत न्हाई."

माउलीला हा प्रश्न आवडला. तो पायरीवरून उतरला, टोपीपाशी वाकला आणि बाकड्याला दिसेल असं बोट ठेवलं. "ह्यो बघा. ह्या टोपीवरनं निघालाय तो पार हबवर आलाय. कुठं तुटलाय का? उघडलं आसतं तर तुटला आसता. आख्ख्या वारूळवाडीत ह्यो पिवळा फक्त माजा."

"म्हंजे आत जे काय हाय, ते तुमचं."

"माजंच."

"सावळेरामदादा, ऐकलं का?"

"ऐकलं की," सावळेराम म्हणाला. त्यानं ग्लास खाली ठेवला. बातमीचा वास त्याला लांबून येतो.

"मग उघडा."

माउलीचं बोट ठिपक्यावर तसंच राहिलं. चेहरा बदलला नाही, पण बोट हळूच मागं आलं. "आत्ता? आत्ता कशाला. उगं टोपी वाकती."

"टोपी माजी हाय."

"शनिवार हाय, वहिनी. कामं पडलीत. सोमवारी आना."

"कामं बाकड्यावर बसलीत तुमची. त्यांना घाई न्हाई." ती बाकड्याकडं वळली. "हाय का घाई?"

"आमाला कसली घाई," कुणीतरी म्हणालं.

"उघडा की माउली," सावळेराम म्हणाला. "लिंबू-मिरची तयारच हाय."

रत्नानं सीटखालची पेटी काढली. स्क्रू-ड्रायव्हर आणि अण्णांचा हातोडा त्याच्यापुढं धरला. माउलीनं ते घेतले, कारण नाही घेतले तर काय सांगायचं हे त्याला सुचेना. दोन ठोके. ठिपका तुटला. टोपी त्यानं अशी काढली की तळहात आड यावा. पण सावळेराम आधीच उठून शेजारी वाकला होता.

"आयला," सावळेराम म्हणाला. "खिळा."

बाकडं उठलं. एकेकानं येऊन बघितलं. आणि मग जे झालं ते रत्नानंही ठरवलेलं नव्हतं. त्यातला एक ड्रायव्हर आपल्या गाडीकडं गेला आणि पुढच्या चाकापाशी बसला. त्याच्या चाकावर पिवळा ठिपका होता. मग दुसरा गेला.

"त्या दिशी पिन मिळाली न्हाई," माउली म्हणाला. "खिळा चालतो. समदे घालतात."

"दोन्ही चाकांना मिळाली न्हाई?"

"वहिनी, आत या शेडमदी. बसून बोलू."

"त्या दिशी मला आत घिऊन बोलला व्हता का?" रत्नाचा आवाज वर गेला नाही. जिथं बसायला हवा तिथं बसत होता. "भायेर बोलला, भायेरच बोला. डाव्या चाकात असाच खिळा निगाला. मोठं बेरिंग जुनंच निगालं, खड्ड्यांनी भरलेलं." तिनं शर्टाच्या खिशातून ते बेरिंग काढून त्याच्या हातात ठेवलं. "फिरवा. फिरवा, समद्यांना ऐकू द्या."

त्यानं फिरवलं. खर्रर्र आवाज झाला.

"आता सांगा. माजी गाडी काय करत व्हती?"

"आवाज करत व्हती."

"आवाज मी म्हनले न्हवते. माजा शब्द काय व्हता?"

माउलीनं बाकड्याकडं पाहिलं. पण बाकडं रिकामं होतं, सगळे उभे होते, आणि कुणीच त्याच्या बाजूला नव्हतं.

"घुमत व्हती," तो म्हणाला.

"कोन?"

"गाडी. गाडी घुमत व्हती."

"आन् बाई?"

माउली खाली बघत राहिला. "बाई न्हाई."

"आमच्यात घुमायचं कंदीच बंद झालं, माउली. माज्या सासूच्या आयपासनं. पन खिळं ठोकनारं देवऋषी तुमच्यात अजून हायेत, ह्ये मला ठावं न्हवतं."

सावळेरामनं तो शब्द तोंडात घोळवला. "देवऋषी," तो हळूच म्हणाला, आणि बाजारात तो शब्द दुपारच्या लिलावाच्या आधी पोचला.

रत्नानं पिशवीतली उरलेली पिन काढून माउलीला दिली. "घाला." त्यानं जॅक लावला, चाक फिरवून बघितलं, खिळा ओढून खाली टाकला, नट पाहिला, पिन घातली. तिनं वाकून तिचे दोन्ही पाय वळलेत का ते तपासलं. "आतलं बेरिंग मी घरी बदलनार हाय. हितं न्हाई." टोपी बसल्यावर माउलीचा हात सवयीनं ब्रशकडं गेला.

"रंग नको," रत्ना म्हणाली.

मग तिनं जमिनीवर पडलेला खिळा उचलला. वाकडा होता. शेडपुढं ऐरण होती, तिच्यावर ठेवून तिनं तो सरळ केला, तीन ठोक्यांत, अजिबात घाई न करता. सगळे बघत होते. ती लिंबापाशी गेली, बाकड्याच्या बरोबर वर, बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर खिळा टेकवला आणि ठोकला.

"देवऋषी भूत बांधत्यात ते असं," ती म्हणाली. "बघून ठेवा, पुन्हा चाकात नका बांधू."

तो खिळा अजून तिथं आहे. ड्रायव्हर त्याला डबा अडकवतात, टोप्या अडकवतात. माउली तो उपटू शकत नाही. एकदा पकड घेऊन गेला होता म्हणे, तर सावळेराम बाकड्यावरून म्हणाला, "नका काढू, देवऋषी. भूत सोडलंत तर धरायचं कुनी?" गॅरेज चालू आहे. माउली पिना डबाभर आणून ठेवतो, दिसतील अशा. पण माउली अशी हाक त्याला आता घरचेच मारतात. रत्नाची गाडी लिंबासमोरून जाते तेव्हा हॉर्न वाजतो. एकदाच, लांब.

त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा केशरबाई ओट्यावर होत्या. सगळं ऐकून घेतलं. खिळ्याचं ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"आपल्यात खिळं ठोकत न्हाईत, रत्ना. लई कष्टानं सुटलंय ते."

"मी कुठं भूत बांधलं, आत्याबाई. त्याचंच त्याला परत दिलं."

"तरीपन."

"चुकलं का?"

केशरबाईंनी सूप पुढं ओढलं. सुपातले पावटे एका बाजूला सारले, दुसऱ्या बाजूला सारले. हात डोक्याकडं गेला, पदराखालून एक पांढरी बट बाहेर आली होती, ती त्यांनी बोटांनी कानामागं नेली.

"किती आत गेला?" त्यांनी विचारलं.

"अर्धा."

"मग ऱ्हाऊ दे. अर्धा भायेरच बरा. दिसला पायजे."